चाकावरचा लिंबाचा डाग

माझ्या दुकानात आता कोणतीही धातूची वस्तू आली की आधी तिच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थोडं खरवडून लिंबाचा थेंब टाकला जातो. मग पुढचं काम. अमडापूरच्या बाजाराला आलेली माणसं थांबून बघतात. "काऊन भाऊ, गेटाची नजर काढून राह्यला का?" असं विचारतात. मी हसतो आणि विषय बदलतो. खरं कारण सांगायचं तर मी शेण कसं खाल्लं ते सांगावं लागेल, आणि ती काही रस्त्यात उभं राहून सांगायची गोष्ट नाही. म्हणून लिहितो.

दुकान चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. जुना रंग काढायचा, बफ मारून चकाकी आणायची, पावडर कोटिंगचा पक्का रंग चढवून द्यायचा. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, मोटारसायकलींची चाकं, एखाद्या देवळाची दानपेटी. या दुकानात दरवाजाशी एक खुर्ची असायची आणि तिच्यावर चाचा बसायचे.

चाचा कल्हईवाले. माझ्या लहानपणी ते सायकलला भाता बांधून गावोगाव जायचे. आमच्या अंगणात त्यांनी खड्डा करून निखारे पेटवले की आम्ही पोरं गोल करून बसायचो. काळं पातेलं त्यांच्या हातात चांदीसारखं व्हायचं. पुढे घरोघर स्टीलची भांडी आली आणि कल्हईचं काम गेलं. त्यांचे गुडघेही गेले. मी दुकान टाकलं तेव्हा ते एक दिवस सहज येऊन बसले आणि मग रोज यायला लागले. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला आसरा दिला. आसरा कसला! मला त्यांची गरज होती. मला मशीन चालवता येत होतं, धातू ओळखता येत नव्हता.

त्यांना यायचा. वस्तू आधी दोन्ही हातांवर तोलायची, मग बोटाच्या पेरानं वाजवायची, मग मागच्या बाजूनं कानशीनं जरासं खरवडायचं आणि शेवटी खिशातलं लिंबू काढायचं. लिंबू त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचं. "पहिले धातूले इचार, मंग त्याले हात लाव," असं म्हणायचे. एकदा जानेफळचे एक जण पितळी समई घेऊन आले, तिचा तुटलेला पाय जोडायचा होता. चाचांनी बुडाशी खरवडून सांगितलं, "वरून पितळ हाये, आतून जस्त. गॅस लावला तं पानी होईन." ते गृहस्थ चिडले, बायकोच्या माहेरची समई आहे म्हणाले. पण चिखलीच्या सोनारानंही तेच सांगितलं तेव्हा परत येऊन चाचांच्या पाया पडले. चाचांनी पाय मागे घेतले आणि त्यांनाच चहा पाजला.

एवढंच होतं त्यांच्याकडे. डोळ्यांना कमी दिसायचं, घरी पोरगा-सून सगळं बघायचे. पण या रस्त्यावर 'चाचानं सांगितलं' म्हटलं की पुढे बोलणं नसायचं. ते नाव घेऊन ते सकाळी घरातून निघायचे आणि ते नाव घेऊनच संध्याकाळी परत जायचे.

आता माझं सांगतो. माझा स्वभाव तापट, तोंड आधी चालतं आणि डोकं मागून येतं. तीन वर्षं मी पुण्याला एका पावडर कोटिंगच्या कारखान्यात होतो. पहिल्याच दिवशी मी "मले माहीत नाही" म्हटलं आणि सगळी शिफ्ट हसली. पुढे कुणी काही मागितलं की म्हणायचे, "याले विचारा, याले!" तीन वर्षांत मी जीभ घासून घासून गुळगुळीत केली. गावी परत आलो तेव्हा गावात एक भाषा आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासमोर दुसरी, अशा दोन जिभा तोंडात घेऊन आलो. हे इथं सांगतोय कारण सगळा घोळ त्यातूनच झाला.

दिवाळी झाली आणि एक दिवस दुकानासमोर पुण्याच्या नंबरची गाडी थांबली. पन्नाशीच्या बाई उतरल्या. मागच्या सीटवर जुन्या चादरीत गुंडाळलेली चार चाकं होती. बाईंचे वडील खामगावला डॉक्टर होते. तरुणपणी त्यांनी कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडून परदेशी बनावटीची, दोनच माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेतली होती. ती तीसेक वर्षं शेडमध्ये पडून होती. आता डॉक्टरांची नजर जात चालली होती. बाईंनी मिस्त्री लावून इंजिन चालू केलं होतं, फक्त चाकं राहिली होती.

"त्यांना दिसतंय तोवर त्यांना ती एकदा चालवायचीय," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगते. त्या काळात असल्या गाड्यांची चाकं कधी अ‍ॅल्युमिनियमची असायची, कधी मॅग्नेशियमची. दिसायला सारखीच. पण मॅग्नेशियमला अ‍ॅसिड अजिबात चालत नाही म्हणे. तुम्ही आधी तपासून घ्याल ना? ही चाकं आता कुठंच मिळत नाहीत."

म्हणजे बघा, बाईंनी मला सगळं सांगितलं होतं. कमी ऐकलं, अर्धवट कळलं, असं काहीच म्हणायची सोय नाही.

"अर्थातच, मॅडम," मी माझ्या दुसऱ्या जिभेनं म्हणालो. "आमच्याकडे तपासल्याशिवाय आम्ही कामाला हातच लावत नाही."

चाचा तोवर खुर्चीतून उठले होते. त्यांनी एक चाक दोन्ही हातांवर घेतलं, वरखाली केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "लय हलकं हाये बे हे," ते मला म्हणाले. "एवढं मोठं अन् एवढं हलकं? जर्मल असं नसते." अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. मग त्यांनी चाक उलटं केलं आणि आतल्या काठावर कानस फिरवली. रंगाखाली पिवळसर-तपकिरी थर निघाला. "हे पाह्य. रंगाच्या खाली हे काय लावलं?" असं म्हणून त्यांनी खिशातून लिंबू काढलं. "बेटा, एक चाकू दे बरं."

बाई गोंधळल्या. त्यांनी आधी लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला तो कारखाना आठवला, ती शिफ्ट आठवली. अंगावर पाल पडावी तसं झालं. मी मोठ्यानं हसलो.

"मॅडम, घाबरू नका," मी म्हणालो. "आमचे चाचा जुन्या काळातले. आता लिंबाला मिरच्या बांधतील आणि तुमच्या गाडीला लावून देतील!"

बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, मी हसलो म्हणून हसल्या. चाचाही जरासे हसले. लिंबू त्यांनी परत खिशात ठेवलं आणि ते खुर्चीवर जाऊन बसले.

मी ऐटीत चुंबक आणला आणि चाकाला लावला. चिकटला नाही. "अ‍ॅल्युमिनियम आहे. शंभर टक्के," मी म्हणालो. चुंबक चिकटला नाही म्हणजे लोखंड नाही एवढंच कळतं, बाकी काही कळत नाही. हे मला माहीत होतं. पण चुंबक हातात घेतला की माणूस शिकलेला दिसतो.

बाई दुसऱ्या दिवशी येते म्हणून खामगावला गेल्या. मी तेजाबाच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या, पाण्याची टाकी उघडली. अ‍ॅल्युमिनियमची चाकं आम्ही त्यात दोन-चार मिनिटं बुडवतो, वरचा मळ निघतो आणि बफ चांगला बसतो. पहिलं चाक सळईला अडकवत होतो, तेवढ्यात मागून चाचांचा आवाज आला.

त्यांनी माझ्या नकळत आदल्या खरवडलेल्या चाकावर लिंबू पिळलं होतं. "बेटा, इकडे ये. फेस येऊन राह्यला. खायच्या सोड्यावर पिळल्यासारखा उकळून राह्यला. जर्मलवर लिंबू नुसतं बसते, असं उकळत नाही. मले नाव नाही सांगता येत, पण ती ताई म्हणे ना, ते दुसरं काहीतरी, तेच हाये हे. तेजाबात टाकू नोको."

मी गेलो नाही, वळूनसुद्धा पाहिलं नाही. चार पावलं चालायची होती हो फक्त!

"चाचा, हे काही कोनाचं पातेलं नाही," मी म्हणालो. "कायले मधात मधात बोलता? बसा तिकडे."

आणि मी चाक टाकीत सोडलं.

टाकी उकळली. दुसरा शब्दच नाही. चर्रर्र आवाज झाला, पांढरा फेस काठावरून खाली आला, वाफेनं डोळे झोंबले. मी नुसता बघत राहिलो. चाचाच धावले, ज्यांना दोन पायऱ्या चढवत नव्हत्या ते. सळई त्यांनी धरली, मग मी धरली आणि आम्ही दोघांनी चाक बाहेर ओढून पाण्याच्या पिंपात टाकलं. थंड झाल्यावर काढून पाहिलं तर वाळवीनं खाल्लेल्या चौकटीसारखं झालं होतं. नक्षीच्या पाच पाकळ्यांपैकी दोन पाकळ्यांच्या कडा गेल्या होत्या, बाकीच्यांवर भोकं पडली होती. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसा मी ते चाक घेऊन उभा होतो.

चाचांनी जमिनीवर सांडलेल्या फेसावर पाणी ओतलं. "मी सांगत होतो" असं तरी म्हणायचं होतं. म्हणाले असते तर मी भांडलो असतो, आणि भांडण झालं असतं तर कदाचित दुसऱ्या दिवशी मी खोटं बोललो नसतो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. चाचा खुर्चीवर होते. समोरचा चहावाला कप न्यायला आला होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती. बाईंनी चाक बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे काय झालं? मी तुम्हाला सांगितलं होतं ना? तपासलं म्हणालात ना तुम्ही?"

रात्रभर मी काय काय ठरवलं होतं, पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मॅडम, काय सांगू," मी म्हणालो. "मी जरा बाहेर गेलो होतो. आमचे चाचा... वय झालंय आता. त्यांना वाटलं नेहमीचं काम आहे. माझ्या मागे त्यांनी टाकून दिलं."

चाचांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग गुडघ्यावर हात टेकवून उठले आणि बाईंना म्हणाले, "हाव, ताई. हात चुकला माह्या. म्हाताऱ्याले माफी करा."

बाईंचा राग जागच्या जागी विझला. म्हाताऱ्या माणसावर काय ओरडणार? "असू द्या काका," त्या म्हणाल्या. उरलेली तीन चाकं आणि ते खाल्लेलं चाक त्यांनी गाडीत ठेवलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना आता असलं काम देऊ नका हो. त्यांनाच इजा व्हायची." मी "हो मॅडम" म्हणालो. चेहरा गंभीर करून म्हणालो.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "चाचा, तुम्ही हो काऊन म्हटलं?"

"मंग काय म्हनू? मालक खोटा हाये म्हनू?" ते म्हणाले. "तुह्यं दुकान नवं हाये बेटा, तुह्यं नाव पडलं तं लोक येनार नाही. माह्यं चाळीस वर्साचं नाव हाये. एका चाकानं नाही जात ते."

गेलं की हो. आठ दिवसांत गेलं. चहावाल्यानं ऐकलं होतं, त्यानं बाजाराला ऐकवलं. लोक वस्तू घेऊन यायचे आणि चाचांच्या खुर्चीला वळसा घालून सरळ माझ्याकडे यायचे. एक बाई तांब्याचा बंब घेऊन आल्या, चाचांनी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या चाचा, भाऊच पाहतीन." चाचांनी हात मांडीवर ठेवला. त्यानंतर ते तीन-चार दिवस आले आणि मग यायचे बंद झाले. खरं सांगू? मला बरं वाटलं. ती खुर्ची रिकामी दिसली की मान वर करून काम करता यायचं. इतका नीच झालो होतो मी.

उन्हाळा लागला तेव्हा बाईंचा फोन आला. तीन चाकं त्यांनी दुसरीकडे, अशाच गाड्यांचं काम करणाऱ्या माणसाकडून करून घेतली होती, चौथ्याच्या जागी डिकीतली स्टेपनी लावली होती. डॉक्टरांनी गाडी शेगावच्या रस्त्यानं चालवली होती. चाकं मॅग्नेशियमचीच निघाली.

"मी वेगळ्याच गोष्टीसाठी फोन केलाय," त्या म्हणाल्या. "त्या माणसाला एका चाकाच्या आतल्या बाजूला नखाएवढी खरवडलेली जागा सापडली. तिच्यावर काळपट डाग होता. तो म्हणाला, हे कुणीतरी आधीच तपासलंय आणि ज्यानं तपासलं त्याला सगळं कळतं. माझ्यासमोर काकांनी नुसती कानस फिरवली होती, डाग नंतरचा आहे. कुणी तपासलं होतं?"

मी दुकानात एकटाच होतो. मशीन बंद केलं.

"चाचांनी," मी म्हणालो. "लिंबानं. त्यांनी मले सांगितलं होतं टाकू नोको म्हून. मीच टाकलं. मी बाहेर वगैरे कुठं गेलो नव्हतो."

पहिल्यांदाच त्यांच्याशी मी माझ्या भाषेत बोललो होतो आणि ते मला फोन ठेवल्यावर कळलं.  मला वाटलं, बाई आता शिव्या देतील. देतील तर बरं, असंही वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे काकांच्या घरी सांगितलंत का?"

फोनवर कबूल करणं सोपं असतं. समोर तोंड नसतं. उलट मला हलकं हलकं वाटत होतं, मोठं काहीतरी केल्यासारखं. त्याच तोऱ्यात मी संध्याकाळी द्राक्षं घेऊन चाचांच्या घरी गेलो.

चाचा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, खरंच झाला. "ये बे, किती दिसांनी!" म्हणाले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. सून चहा घेऊन आली, माझ्यापुढे कप ठेवला आणि चाचांच्या हातात अर्धाच भरलेला स्टीलचा ग्लास नीट धरून दिला, लहान मुलाला देतात तसा.

"अब्बा कसे आहेत?" मी तिला विचारलं.

"बरे हायेत भाऊ. आता आम्ही त्याइले काहीच करू देत नाही," ती म्हणाली. चांगली बाई आहे, सासऱ्याची काळजी करते. "गॅसजवळ जाऊ देत नाही, चाकू देत नाही. लसूनबी नखानंच सोलतात. तुमच्या दुकानात तसं झालं तवापासून मले भेवच बसला. तेजाब होतं ना ते, आंगावर पडलं असतं मंग? त्याइनं सोताच येऊन सांगितलं आमाले, का माह्या हातून आता चुका होऊन राह्यल्या म्हून."

चाचा लसणाची पाकळी बघत होते. घरीसुद्धा त्यांनी माझंच नाव झाकलं होतं.

अंगणाच्या कोपऱ्यात त्यांचा भाता असायचा. कातड्याचा, चाळीस वर्षांचा, काम गेल्यावरही दर वर्षी तेल लावून ठेवलेला. मी तिकडे पाहिलं. तिथं पाण्याची टाकी होती.

मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. लिंबू सांगितलं, मी कसा हसलो ते सांगितलं, त्यांनी बेटा म्हणून हाक मारली आणि मी वळलो नाही ते सांगितलं. बाईंसमोर काय बोललो ते अक्षरशः सांगितलं. चाचा मधेच "जाऊ दे ना बे" म्हणाले, तरी थांबलो नाही. सून ट्रे हातात घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, सासऱ्याकडे पाहिलं.

"मंग आम्ही त्याइचा भाता भंगारात काऊन देला?" ती म्हणाली.

 जमीन दुभंगावी असं माणसाला वाटतं म्हणतात. मला तसंही वाटलं नाही. वाटलं, इथंच बसून राहावं आणि हिनं हेच पुन्हा पुन्हा विचारावं.

"चहा पी, थंडा होते," चाचा म्हणाले.

मी चहा प्यायलो. निघताना त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले, तसेच, त्या समईवाल्यापासून घेतले होते तसे. "चाचा, उद्या दुकानात या," मी म्हणालो. "खुर्ची आहे तिथंच आहे. तुम्ही धातू पाहिल्याशिवाय मी मशीन चालू करनार नाही."

त्यांचा चेहरा उजळला. हातातला लसूण खाली ठेवून ते उठायला लागले, जणू आत्ताच निघायचं होतं. मग मधेच थांबले आणि ज्या माणसाच्या शब्दापुढे या रस्त्यावर कुणी बोलत नव्हतं, त्यानं सुनेकडे वळून हळूच विचारलं, "जाऊ का, बेटी?"